खाली उतरायची सोय

बाई,

तुमच्या हातात चित्रकला नव्हतीच. सांगलीच्या शाळेत, तेव्हाच्या अकरावीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात तुम्ही फळ्यावर काढलेलं रॉकेट चांगलं दुधी भोपळ्यासारखं दिसत होतं आणि आम्ही मुली तोंड दाबून हसत होतो. तुम्ही न रागावता त्याच्या टोकावर एक बारीक मनोरा काढलात. "यातलं इंजिन वर न्यायला नाही. खाली आग लागली, तर माणसं बसलेली कुपी तोडून लांब ओढून न्यायला आहे. मग छत्री उघडते." मी विचारलं, वर गेल्यावर हा मनोरा टाकून देतात ना, मग पुढं? "मग यान स्वतःच सुटं होतं. आणखी वर असेल, तर पृथ्वीला एक फेरी मारून उतरतं. प्रत्येक उंचीवर उतरायची वेगळी सोय, आणि ती उडायच्या आधीच ठरलेली. त्यात लाज कसली?"

मॅट्रिक होताच माझं लग्न ठरलं. तुम्ही केळवणाला बोलावलंत, पाटावर बसवलंत आणि शेवयांची खीर वाढता वाढता म्हणालात, "सगळं नीट होईल. नाहीच झालं, तर इकडं ये. विचारत बसू नकोस." केळवणात असं अभद्र कुणी बोलतं का? मला तुमचा रागच आला होता.

वर्षाच्या आत विट्याजवळच्या सासरहून मी तुमच्या दारात उभी. मनगट सुजलेलं. तुम्ही एवढंच विचारता, "जेवलीस का?" दुसऱ्या दिवशी उंब्रजहून माझे वडील न्यायला येतात. "आवं बाई, पोरीनं दिल्या घरी नांदाय पायजे. भावकीत तोंड कसं दावू आमी?" तुम्ही त्यांच्यासमोर चहा ठेवता. "रॉकेट जळालं, तर लोक आधी काय विचारतात, आण्णा? माणसं वाचली का, एवढंच." आण्णा हातातली बशी खाली ठेवतात. मग माझ्याकडं न बघता विचारतात, "लय दुखतंय का गं हात?" आणि मला रडू फुटतं. सासरी मला परत कुणी पाठवलं नाही.

पुढचं कॉलेज, नोकरी, हे सुखाचं म्हातारपण, सगळं तुमच्यामुळं. तुमच्या हयातीत हे एकदाही धड बोलले नाही. आता पत्र टाकायला पत्ताच उरला नाही, म्हणून राहिलेलं सांगून टाकते. त्या दुपारी मी सासरहून निघाले ती तुमच्याकडं यायला नव्हे. मळ्यातल्या विहिरीकडं चालले होते. सडक ओलांडताना सांगलीची एसटी आली आणि मी हात केला.