दिला म्हटलं ते

२ जानेवारी १९६१, दुर्ग
लिस्ट लागली. भिलाईच्या कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरांत या खेपेला आमचा नंबर आला. दोन खोल्या, नळ, मागे अंगण. कमलला सांगितलं तर तिने आधी देवापुढे साखर ठेवली, मग विचारलं, "पक्कं आपलंच नाव हाय ना?"
दीड वर्ष झालं, तिच्या भावाच्या, वामनदादांच्या रेल्वे क्वार्टरात एका खोलीत आम्ही चौघे. दादा गार्ड. ड्यूटीवरून कधीही येतात आणि झोपतात, की आमच्या पोरांचा गोंधळ सुरू. ते एका शब्दाने बोलत नाहीत, त्याचंच जास्त ओझं होतं. क.ने चूल कुठे, तुळस कुठे, सगळं ठरवून टाकलंय.

५ जाने.
मुंबईहून माझ्या जुन्या शेठचं पत्र. शेअर बाजार तेजीत, परत ये, रिंगमध्ये, सौद्यांच्या घोळक्यात, माझ्यातर्फे तूच मुख्य उभा राहशील, महिनाअखेर कळव. अकरा वर्षं त्यांच्यासाठी तिथे उभा राहून ओरडलो. घेतले, दिले, घेतले, दिले. वाचताना तळहाताला घाम आला, खोटं कशाला लिहू.
पण इथे कारखान्याच्या स्टोअर्समध्ये सकाळी जो बोल्ट ज्या भावाचा, तो संध्याकाळी त्याच भावाचा. दुपारी कुणाचं तोंड पांढरं पडत नाही. अन्न अंगी लागतं. पत्र क.ला दाखवलं नाही.

९ जाने.
गाढवपणा केला.
दुपारी डबे सोडून बसलो होतो. शेजारच्या टेबलाचा वानखडे, यवतमाळकडचा पोरगेलासा क्लार्क, सुपेल्यात खोली करून राहतो. बायकोला सातवा महिना, डॉक्टर म्हणतात ओझं उचलू नका, आणि पाणी लांबच्या विहिरीवरून. हसत हसत म्हणाला, "मनोहरभाऊ, तुमचा नंबर देऊन टाका ना मले. माया तं पुढच्या साली लागते."
माझ्या तोंडून निघालं, "दिला!" हातसुद्धा वर गेला, तळवा बाहेर. विकताना करायचो तसा.
सगळे हसले. वानखडेही हसला आणि चहा येईतो विसरला. मी नाही विसरलो. रिंगमध्ये दिला म्हटलं की दिला. सही नाही, साक्षीदार नाही. शब्द फिरवणाऱ्याच्या तोंडाकडे पुन्हा कुणी बघत नाही असं म्हणतात. मी फिरवून पाहिलाय. बघतात.

१० जाने.
क.ला सांगितलं. तांदूळ निवडत होती.
"कोनाले देला? कावून?"
"तोंडून निघून गेलं."
"त्यानं मजाक केली अन् तुमी घर देऊन आले?" सूप तिथेच टाकून उठली. दिवसभर अबोला. पोरांमार्फत निरोप: बाबाले म्हना जेवाले या.
वामनदादा हसले आधी, मग माझं तोंड बघून थांबले. "जवाईबापू, तुमचा बाजार मुंबईले ठेवा ना. हापिसात मानूस काईही बोलते." त्यांचं बरोबर आहे. शंभरातल्या नव्याण्णवांना बरोबरच वाटेल. पण मला…

१२ जाने.
आज क.ला नटुभाईंचं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, या वहीलाही नाही. एकदा लिहून टाकतो.
नटुभाई दुसऱ्या शेठकडचे, वयाने मोठे. रिंगमध्ये कसं उभं राहायचं हे मला त्यांनी शिकवलं. एका गिरणीचे शेअर मी त्यांना तोंडी विकले. तासाभरात भाव वर उसळला, दिले तर आमचं मोठं नुकसान. गर्दीत सौदा वहीत लिहायचा राहून गेला होता, मुद्दाम नाही. शेठ कानाशी म्हणाले, लिहिलं नाहीस ना? मग दिले नाहीस.
संध्याकाळी वह्या ताडून पाहताना मी म्हणालो, मी दिलेच नव्हते. नटुभाई एवढंच म्हणाले, "मनुभाई, दिया था ना?" मी वहीकडे बघत राहिलो. खोटे ते ठरले. पुढे त्यांच्याशी कुणी सौदा करेना, त्यांचा बाजार सुटला. शेठने माझी पाठ थोपटली. त्या पाठीवरच्या हाताची मला अशी किळस आली की भिलाईची जाहिरात दिसताच अर्ज टाकला.
क.ने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "बुडवलं नटुभाईले, अन् भरून देऊन राहिले वानखडेले? तेही माया घरानं?"
 

१४ जाने., संक्रांत
क. तिळगूळ घेऊन एकटी सुपेल्याला गेली, मला न सांगता. वाटलं, आता ती वानखडेच्या बायकोशी भांडून येते. परत आली ती पदराने कपाळ पुसत.
"त्या पोरीनं माया समोर घागर कमरेवर घेतली. मीच दोन खेपा घातल्या. नंबर बदलाचा अर्ज देऊन टाका."
मी काही बोलायच्या आत, "पन मले विचारून द्याचं होतं. घर तुमच्या एकट्याचं नवतं." हेही बरोबर. या घरात सगळ्यांचंच बरोबर निघतंय, माझं सोडून. तिळगूळ मात्र दिला तिने.

१६ जाने.
नंबरांची अदलाबदल करण्याचा अर्ज दिला, दोघांच्या सह्यांनी. वानखडे आधी चिडलाच. "भाऊ, मजाक होती ना! लोक म्हनतीन मी तुमचं घर खाल्लं." शेवटी सही केली आणि डोळे पुसत तोंड फिरवलं. क्वार्टरांचा बाबू मला दोनदा विचारतो, "कोई दबाव तो नहीं है?" म्हटलं, नाही हो.
बाहेर आलो तर इतकं हलकं वाटलं की भिलाई स्टेशनवर उभ्याउभ्या भजी खाल्ली आणि दुर्गची गाडी चुकवली. पुढची येईपर्यंत फलाटावर येरझारा घातल्या, आनंदात. घर गेलं त्या दिवशी माणूस असा खूश!

१९ जाने.
शेठला दोन ओळी: येणार नाही, शोधू नका.
मग नटुभाईंना, त्यांच्या गावच्या पत्त्यावर. हे लिहायला चार कागद फाडले. शेवटी जे उरलं ते एवढंच: त्या दिवशी मी दिले होते, तुम्ही खरे होता, हे पत्र कुणालाही दाखवा. क.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माफी नाई लिवली." लिहिली. पत्र टपालपेटीत टाकलं. काय होईल ते होवो.

३ फेब्रुवारी
वानखडे क्वार्टरात राहायला गेला. वामनदादांना म्हटलं, आम्हाला अजून वर्षभर सहन करा. "राहा ना, कोन हाकलून राहिलं तुमाले?" म्हणाले आणि पोरांच्या गोंधळात घोरायला लागले.

११ फेब्रु.
नटुभाईंचं उत्तर आलं.  हिंदीत, मोठ्या अक्षरात. आधी तब्येत विचारलीय. अजूनही मनुभाईच लिहिलंय. ते एक वाचलं आणि बसलो, डोळे भरून आले.
पैसे नकोत म्हणतात. एकदा मुंबईला या, मीही येतो, बाजारातल्या चार जाणत्यांपुढे माझ्याशेजारी उभे राहा आणि हेच तोंडाने मोठ्याने म्हणा.
गेलो तर शेठचंही नाव निघेल, ते गप्प बसणार नाहीत. प्लँटमध्ये कळवतील, तुमच्याकडे एक लबाड माणूस आहे म्हणून. मी अजून पर्मनंट नाही. नोकरी गेली तर क्वार्टर कसलं आणि नंबर कसला.
पत्र क.च्या हातात दिलं. तिने दोनदा वाचलं.
"काय करता मंग?"
"तुला विचारतोय. जाऊ का?"
 तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही. मग म्हणाली, "आज नाई सांगत. मले विचार करू द्या. उद्या सांगतो."
रिंगमध्ये उद्यापर्यंत कुणी कुणाला थांबू देत नाही. मी म्हटलं, बरं, उद्या सांग. मग दोघांनी मिळून करपलेली भाकरी खाल्ली.