फॉर्मवर मुलाची सही

प्रिय आई,

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. काल महेश माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलला, म्हणून आज लिहायला बसले. त्याआधी लिहिलं असतं तर तुमच्याशी नुसती भांडले असते!

चूक तुमचीच होती. आणि माझीही. देहदानाचा फॉर्म भरलात तेव्हा साक्षीदार म्हणून मी सही केली, शेजारच्या काकूंनी केली. "महेशला सांगू नकोस गं, उगाच घर डोक्यावर घेईल," म्हणालात आणि देहदानाचं कार्ड आलं ते रव्याच्या डब्यात लपवलंत. तुमचा मुलगा जन्मात उघडणार नाही असा तो डबा! आपल्याला वाटलं, सह्या झाल्या, कार्ड आलं, काम संपलं. वाटलं ना?

तुम्ही गेलात त्या सकाळी मी मेडिकल कॉलेजला फोन लावला. पलीकडचे गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "ताई, फॉर्म आहे, पण आता जवळच्या नातेवाइकाची संमती हवी. म्हणजे मुलाची. ते नाही म्हणाले तर आम्ही देह नेत नाही." नऊ वर्षं तुमचं सगळं मी केलं आई, आणि माझी सही पुरेना.

महेश भटजींचा नंबर शोधत होता. मी परातीत रवा ओतला आणि कार्ड त्याच्या हातात दिलं.

"तुला माहीत होतं?" एवढंच म्हणाला. मग ओरडला, "एकुलता एक मुलगा आहे मी तिचा! अग्नी पण नाही द्यायचा?" दारात जमलेली सोसायटीतली माणसं खाली बघायला लागली.

मी कायदा काय सांगणार? तुम्ही म्हणायचात तेच सांगितलं. "वागळे इस्टेटच्या कारखान्यात सव्वीस वर्षं उभ्याने पॅकिंग केलं. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना बघू दे की, बाईचे गुडघे कशाने झिजतात."

तो तुमच्या पायाशी बसला. शाळेत असताना दाबून द्यायचा तसे चादरीवरून तुमचे गुडघे दाबत राहिला. बराच वेळ. मग त्याने पेन मागितलं.

सही केली, पण मला माफ नाही केलं. दहाव्याला खाडीवर रिकाम्या हाताने जाऊन आला, अस्थी नव्हत्याच. आई, एकदा त्याला जवळ बसवून सांगितलं असतंत तर? आदळआपट केली असती, दोन दिवस जेवला नसता, पण तुमचं ऐकलं असतं हो त्याने!

काल चहा घेताना म्हणाला, "आई मला घाबरायची का गं?"

"नाही रे," मी म्हटलं, "तुझं रडणं त्यांना बघवलं नसतं." तेव्हा तो रडला. मीही रडले.

मी माझाही फॉर्म आणलाय. तुमचा शब्द मी पाळला, पण तसलं गुपित आता या घरात मी ठेवणार नाही. रविवारी महेशला आणि तुमच्या नातीला समोर बसवणार आहे. सई अठराची झाली, तिलाही कळू दे. दोघांना हवं तेवढं भांडू देईन, रडू देईन. आणि त्यांच्या सह्या झाल्याशिवाय मी माझी करणार नाही.

तुमची सून आणि साक्षीदार,
सुजाता