आडव्या खुर्च्या

रविवार, ४ मे

पोचलो एकदाच्या! फिजिओथेरपीची शेवटची परीक्षा संपली, निकाल लागला, आणि आम्ही वर्गातल्या तिघी थेट समुद्रावर. चिमणी, म्हणजे माझी होस्टेलची रूममेट, जिच्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्माला यायचाय, ती बुटांसकट पलंगावर उडी मारून बसली. मास्तरीण, आमच्या वर्गात कायम पहिली येणारी, हिने आधी कपाट पुसून घेतलं. रिसॉर्ट इतकं समुद्राला खेटून आहे की बाल्कनीच्या कठड्यावर मिठाचा थर बसतो. खाणं, पिणं, पोहणं, सगळं आधीच भरलेल्या पैशांत. काउंटरवरची बाई गोड हसून म्हणाली, की इथे काही करायचं नाही, एवढं एकच काम.

सोमवार, ५ मे

नाश्त्याला चिमणीने पपईवर असा ताव मारला की वाढणाराही हसला. जेवणानंतर किनाऱ्यावरच्या आडव्या खुर्च्यांवर पडलो. पांढऱ्या गाद्या, वर छत्री. वर्षभर साचलेला शीण जणू हाडांतून निथळत होता. आईचा फोन आला. म्हणाली, झोपून घे बाई, एक तारखेला हॉस्पिटलात रुजू झालीस की कोण झोपू देणार आहे तुला!

मंगळवार, ६ मे

खोड जात नाही. माणूस दिसला की आधी त्याचे पाय बघते. शेजारच्या खुर्चीवरचे काका चांगले गुटगुटीत, गाल लालबुंद, पण पोटऱ्या काटकुळ्या. पावलं पुढे लोंबलेली. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची होतात तशी. भीतभीत विचारलं, काही आजार झाला होता का. हसले. मला काय धाड भरलीय, सुट्टीवर आलोय. कधी आलात? तर म्हणे, परवाच. पलीकडून काकूही तेच म्हणाल्या.

मास्तरीण वैतागली. सुट्टीत तरी पेशंट शोधू नकोस म्हणाली.

बुधवार, ७ मे

पोहायचा कंटाळा आला. जेवणही खुर्चीवरच येतं. चिमणी काल खोलीत आलीच नाही, तिथेच झोपून राहिली. आज बोलतही नाहीये. विचारलं की नुसती हसते.

सकाळी उठून सगळ्या रांगेतून चालत गेले. सगळ्यांची पावलं तशीच. मग पांढऱ्या कपड्यातले नोकर आले. एकेका पाहुण्याच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालून, अलगद, त्याला कुशीवर वळवत गेले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वॉर्डात वळवतात ना, अगदी तसं. रोजचा हात बसलेला दिसत होता.

कुणी जागं झालं नाही.

गुरुवार, ८ मे

निघायचं ठरवलं. मास्तरणीलाही पटलं. मी बॅगा भरते, तू चिमणीला उठवून आण, म्हटलं. ती गेली ती गेलीच. जेवणवेळ टळली तेव्हा मी खाली गेले. चिमणीच्या शेजारच्या खुर्चीवर मास्तरीण आडवी. चष्मा घडी करून पोटावर. "पाचच मिनिटं गं," म्हणाली. डोळे न उघडता.

चिमणीचं पाऊल हातात घेतलं. परीक्षेत घेतो तसं. माझ्या हाताला ढकल, म्हटलं. ती गोड हसली.

"ढकलतेय की."

माझ्या तळव्याला काहीच लागलं नाही.

शुक्रवार

काल मीही तिथेच टेकले होते. उठले तेव्हा ऊन तिरपं झालेलं, आणि कुणीतरी मला कुशीवर वळवलेलं.

आईचा फोन वाजतो आहे. उचलायला हवा.

नंतर —

दोघींना नेणं शक्य नाही. मास्तरणीच्या कपाळावरून हात फिरवला. माफ कर, एवढंच म्हणाले. चिमणीला काखेत हात घालून ओढत निघाले. तिच्या टाचांच्या दोन रेघा वाळूत. वाटलं होतं कुणीतरी धावून येईल, अडवेल. नोकरांनी खुर्च्या बाजूला सरकवून वाट करून दिली. हसत.

बहुतेक शनिवार

फाटकापाशी आलो आहोत. उघडंच आहे. पलीकडे रस्ता, गाड्या येता-जाताना दिसतात. हाक मारली तर ऐकू जाईल. आवाजच मोठा निघत नाही.

चिमणी माझ्या मांडीवर. श्वास चालू आहे. मघाशी म्हणाली, किती दमलीस गं तू.

मागे दोघे नोकर येऊन उभे. दोन खुर्च्या आणल्यात. सावलीत मांडल्या. गेले.

नाही बसणार. लिहीत राहिलं की डोळा लागत — आईला फोन — फोन कुठे ठेवला —

उठायचं. आधी पाय तपासून बघते. डावा अंगठा. हलला. हलला! आता उजवा. उजवा हलव म्हणतेय मी त्याला, आणि तो नुसता