आपल्यात प्रकाश फार झाला आहे

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (खोलीत लेझरचं टेबल आहे, लोटांगणाला जागा नाही, उभ्यानेच घातला असं समज). तुझी कंबर कशी आहे? शिलाई मशीनच्या पायाखाली अजून त्याच विटा आहेत का? भाऊजींचा खोकला आणि भाचीच्या दातांची तार, दोन्हींची खुशाली कळव. मी बरा आहे. म्हणजे परवापर्यंत मूर्ख होतो, आता बरा आहे.

रविवारी मी फोनवर सांगितलं की मी लग्न करतोय, आणि तू म्हणालीस, "तुला वाटेल तसं कर." त्या वाक्याने माझी झोप उडाली आहे. पण आधी प्रयोगशाळेत काय झालं ते ऐक (मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तू मला पहिलीपासून सांगत आलीस).

मी नक्की करतो काय, असं तू दरवेळी विचारतेस. नखाएवढा अर्धवाहकाचा तुकडा असतो. त्यात समोरासमोर दोन आरसे, त्यांच्यामध्ये आम्ही प्रकाश कोंडतो. येरझाऱ्या घालून घालून तो आतल्या पदार्थात असा मिसळतो की थोडा प्रकाश आणि थोडा पदार्थ असा एक नवाच कण होतो. त्याचं नाव पोलॅरिटॉन. नुसता प्रकाश प्रकाशाला विचारत नाही. दोन बॅटऱ्यांचे झोत एकमेकांतून आरपार जातात, धक्का म्हणून लागत नाही. पदार्थाचा अंश आला की मात्र हे कण एकमेकांना ढकलू लागतात. किती ढकलू द्यायचं, ते ठरवणं हे माझं काम. तुकडा एका कडेला किंचित जाड, दुसरीकडे पातळ असतो. पातळ बाजूला सरकलं की पदार्थ वाढतो, जाड बाजूला प्रकाश. मी दिवसभर तो सरकवायचा स्क्रू फिरवतो (एवढं शिकून!).

तर गेल्या आठवड्यात भलतंच दिसलं. पदार्थ वाढवावा तसे कण जास्तच समजूतदार, ढकलाढकली बंद! सर हरखले. आठ दिवस ते व्हरांड्यातून गुणगुणत फिरत होते, शोधनिबंधाचं शीर्षकही ठरलं. मी कॉलर ताठ करून हिंडत होतो. मग आमच्याकडची यंत्रं थंड ठेवणारी इंजिनिअर (हो, तीच, जिच्याबद्दल रविवारी सांगितलं) हाताची घडी घालून आली आणि म्हणाली, "कॅमेऱ्याच्या आधी आरसा आहे ना रे? मग तुझी पातळ बाजू नक्की कुठली?"

पातळ कोपऱ्याला मी तिच्याच नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, तोही कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून. आरशाने डावं-उजवं केलं आणि मी आठ दिवस मनोभावे उलटा स्क्रू फिरवला. सरांनी फळ्यावरचं शोधनिबंधाचं शीर्षक पुसलं. मग एवढंच म्हणाले, "आता सुलटा फिरवा."

आणि मला हसू फुटलं, ताई. तुला बाबांचा शर्ट आठवतो? तू शिवण शिकत होतीस आणि कुठली बाही लांब आहे ते मी आरशात बघून खडूने दाखवलं होतं. तू चांगली बाही कापलीस, मग मला टेपने झोडपलंस, मी तुझी वही फाडली, आणि आईने दोघांना एकाच खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली. तासाभराने आपण आत हसत होतो. बाबा तो शर्ट कायम बाह्या दुमडून घालत राहिले.

आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आपण एकदाही भांडलो नाही. तू म्हणतेस "बरं", मी म्हणतो "बरं", आणि फोन ठेवतो. आपण एकमेकांना इतकं जपतो की धक्काच लागत नाही. आपल्यात प्रकाश फार झाला आहे, ताई. फोनवर तू असतेस, तरी मला तुझी आठवण येते.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार, भाचीला टपली.

तुझा,
उलट्या स्क्रूचा धाकटा

ता. क. लग्नाच्या चार दिवस आधी ये आणि माझ्याशी भांड. "मला आधी का नाही सांगितलंस?" इथून सुरुवात कर. उत्तर आत्ताच देऊन ठेवतो : तू "बरं" म्हणशील, याची भीती वाटत होती.

ता. क. २. फोन ठेवल्यावर तू मशीनपाशी किती तरी वेळ दोरा न ओवता बसली होतीस, हे भाऊजींनी सांगितलं. त्यांच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागाव.

ता. क. ३. लग्नाचा कोट तूच शिवायचास. ती माप घेऊन देत होती, मी नको म्हटलं. मापं सोबत पाठवतोय. माझी मीच घेतली आहेत, आरशात बघून.