शेजारची सीट

मंगळवार, १२ मार्च
दुपारची जेवणं आटोपल्यावर

चि. भोंग्यास,

आजीचे आशीर्वाद. या खेपेला मोजकेच पाठवतेय, पुरवून वापर.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतोय, पण तो आपल्या घरातला सगळ्यात जुना तक्रारखोर, त्याचं कुणी मनावर घेत नाही. तुझी आई खोकतेय. खिडक्यांना नवा रंग दिलाय, त्या वासाने माझं डोकं चढलंय. तुझ्या बहिणीचं म्हणणं, रंगाचा काही संबंध नाही, डोकं कालपासूनच चढलेलं आहे. हे पत्र तीच लिहून घेतेय. तिला बजावलंय, मी बोलेन तसं उतरवायचं, मध्ये साखर घालायची नाही. तिने नाक मुरडलं. तेही लिही गं.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो आजी, हो आजी" करतोस आणि मनात तिसराच नट पिळत असतोस. म्हणून कागद. उद्या तुझी बहीण स्वतः गॅरेजवर घेऊन येईल आणि तुझ्या पुढ्यात उभी राहील. तू तो मोठ्याने वाचायचास, त्या दाढीवाल्या मिस्त्रीला ऐकू जाईल असा.

काल तुझा व्हिडिओ पाहिला. गाडी ओळखायला वेळ लागला नाही, आजोबांची ती लाल, लांब नाकाची, दोन सीटची. तू बॉनेट उघडलंस ते असं, की जणू आत बाळ झालंय. "आजी, सिलिंडर आतून कापून मोठे केले! पिस्टन नवे! कार्ब्युरेटर एकाच्या जागी दोन! ताकद जवळजवळ दुप्पट! या रविवारी ट्रॅकवर पहिली शर्यत!" मग मिस्त्रीने चावी फिरवली आणि फोन माझ्या हातात थरथरला. अरे, ती गाडी पूर्वी कशी बोलायची! आधी घसा साफ करायची, मग हळूच सुरू व्हायची. आता शेजाऱ्यांशी भांडण उकरून काढल्यासारखी ओरडते.

तुझी बहीण म्हणाली, "मस्त आवाज ना, आजी?" मी म्हटलं, "बंद कर."

गाडी तुला मी दिली. चावी तुझ्या हातावर ठेवताना "चालव" म्हटलं होतं. "फाड" म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि मला वाचता येत नसल्यामुळे मी बोललेलं आणि ऐकलेलं सगळं माझ्या डोक्यातच असतं, ते पुसलं जात नाही. एका शब्दाने विचारलं असतंस. मी नाहीच म्हटलं असतं असं नाही. ह्यांनी तरी त्या इंजिनाला जन्मभर सुखाने कुठे बसू दिलं होतं? मेलं ते इंजिन. त्याच्यासाठी मी रडणार नाही.

पण मग तू फोन आत वळवलास. तुझी सीट, तिला ते दोरखंडासारखे पट्टे, आणि शेजारी? शेजारी नुसता पत्रा. "सीट काढून टाकली, आजी. वजन कमी! ट्रॅकवर शेजारी कोण बसतंय?" आणि तू हसलास. मिस्त्रीही हसला. त्याची दाढी हलली, मी पाहिलं.

कोण बसतंय? मी बसत होते, गाढवा! तुझा बाप पोटात असताना बसले, तुझा बाप मांडीवर ओकला तेव्हा बसले, भांडून तोंड फिरवून बसले आणि परत येताना हसत उतरले. त्या सीटला माझ्या आकाराचा खड्डा पडलाय. तुझ्या बहिणीने काल विचारून घेतलं, सीट कुठे आहे म्हणून. म्हणे, जुन्या टायरांवर ठेवलीय, मिस्त्री तिच्यावर बसून चहा पितो. दाढीवाल्या, ऐकतोयस ना? ऊठ तिच्यावरून.

आता पुढचं. इथे तुझी बहीण मला विचारतेय, "आजी, हे लिहायलाच हवं का?" अजून मी काही बोललेसुद्धा नाही, नुसता श्वास घेतला. लिही.

त्या व्हिडिओच्या शेवटी तू फोन तोंडाजवळ धरलास आणि लाडाने म्हणालास, "सगळं बदललं, आजी, पण आजोबांच्या ब्रेकना हात लावला नाही. त्यांच्या हातचे आहेत ना. खूश?"

नाही, भोंग्या.

मला माहितेय तू ते कुठे शिकलास. ह्यांनी प्रत्येक पाहुण्याला ऐकवलंय, "गाडीतलं काहीही बदला, पण ब्रेक माझ्या हातचे, त्यांना हात लावायचा नाही." तू त्यांच्या मांडीवर बसून पोपटासारखा तेच म्हणायचास आणि सगळे कौतुकाने हसायचे. मीही हसायचे.

तुम्ही सगळ्यांनी ती गाडी बाहेरून पाहिली. आतून पाहणारी आम्ही दोघंच. वळण यायच्या कितीतरी आधी हे ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचे, गियर खाली टाकायचे आणि एक हात माझ्यापुढे आडवा धरायचे. बघणाऱ्यांना वाटायचं, काय प्रेम आहे! होतं रे, प्रेमही होतं. पण मुख्य म्हणजे ब्रेक लागत नव्हते. दाबले की गाडी एका अंगाला ओढायची, आणि थांबायची तिच्या मर्जीने.

माझा गुडघा. मी जिन्यावरून पडले, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तू तर शाळेत त्यावर निबंध लिहिलास आणि बाईंनी मला बरं वाटावं म्हणून कार्ड पाठवलं. तेव्हा आपण ज्या घरात राहायचो त्या घराला जिनाच नव्हता. इतक्या वर्षांत एकाही शहाण्याने विचारलं नाही.

त्या दिवशी ह्यांनी इंजिनात काहीतरी नवं बसवलं होतं. काय ते मला सांगत होते, मला कळत नव्हतं, मी चेहरा बघत होते. कालच्या तुझ्या चेहऱ्यासारखाच. "बघ तर कशी पळते!" पळाली. बंद पडलेल्या गोदामाची भिंत होती वळणावर. हात आडवा आला, ब्रेक आला नाही. भिंत माझ्या बाजूला होती.

डॉक्टर यायच्या आधी ह्यांनी विचारलं, "घरी काय सांगायचं?" पांढरेफटक पडले होते. मीच म्हटलं, "जिना." तेवढंच सुचलं.

मग ह्यांनी ते ब्रेक स्वतः उघडले, घासले, नवे पट्टे बसवले, दिवसदिवस गॅरेजातून बाहेर आले नाहीत. आणि त्यानंतर गाडी पुन्हा कुठे धडकली नाही. पण ब्रेक चांगले झाले नव्हते रे. हे सावकाश चालवायला लागले होते. तो फरक त्यांना माहीत होता, मला माहीत होता. तुला सांगायचं राहिलं, आणि तू आता दुप्पट ताकद घेऊन निघालायस.

मी ह्यांच्यावर कधी रागावले नाही, असं सगळे म्हणतात. खोटं आहे. मी दर जिन्याला रागावते. या पत्रातला अर्धा राग त्यांचा आहे. त्यांच्यापर्यंत पोचवायची सोय नाही, म्हणून तुझ्याच पत्त्यावर धाडतेय.

तुझी बहीण लिहायची थांबून माझ्या गुडघ्याकडे बघत बसलीय. बघून तो बरा होणार नाही गं, लिही.

ते ब्रेक काढ. चारही चाकांचे. नवे घाल, आजच्या काळातले, तुझ्या त्या आरडाओरड्या इंजिनाला दाबून बसवतील असे. दाढीवाला म्हणेल, रविवारपर्यंत होणार नाही. मग रविवारी जायचं नाही. लोक हसतील? हसू देत. ह्यांना लोक हसू नयेत म्हणून मी जन्मभर लंगडले, तुझ्यासाठी लंगडायला माझ्याकडे दुसरा पाय आहे, पण तो मी देणार नाही. काढलेले जुने ब्रेक फेकू नकोस, माझ्याकडे पाठव. मागचं दार वाऱ्याने सारखं आपटतं, त्याला लावून ठेवीन. निदान दार तरी थांबेल.

आणि शेजारची सीट परत बसव. शर्यतीला नको, तेवढं मला कळतं. त्याआधी एकदाच. मी येते. तू हवी तेवढी पळव, वळणापाशी ब्रेक दाब. मी समोर बघणार नाही, तुझ्या हाताकडे बघेन. तो माझ्यापुढे आडवा आला नाही, तर ब्रेक खरे, आणि सीट मी स्वतः काढून देईन.

तोवर,
तुझ्या गाडीतून काढून टाकलेलं वजन,
आजी