पाचव्या घंटेनंतर

३ फेब्रुवारी

रोजच्याप्रमाणे दुपारच्या सुट्टीत रेडिओ केंद्रातून घरी फोन केला. पाचव्या घंटेनंतर निरोपाचे यंत्र सुरू झाले आणि सौ. बोलली — “आम्ही बाहेर गेलोय. निरोप ठेवा... अहो, हे बंद कसं करायचं?” मागून माझा आवाज — “लाल बटण! लाल!”

तिला जाऊन चार महिने झाले. यंत्रातले ते बोलणे पुसण्याचे धैर्य माझ्यात नाही.

मुलगी दिवसभर घरीच असते. तरी माझा फोन कधीच उचलत नाही.

५ फेब्रुवारी

जिला जन्मापासून मुलगा म्हणून वाढवले, ती आमची मुलगी आहे. गतवर्षी तिने हे सांगितले तेव्हा सौ.ने तिला कुशीत घेतले. मी वर्तमानपत्राची घडी घातली. “अहो, काहीतरी बोला ना!” मी म्हणालो, “ठीक आहे.” आयुष्यभर बातम्या वाचणाऱ्या माणसाला एवढेच सुचावे!

आज ती दार लावून आवाजाचा सराव करीत होती. तेच वाक्य पुनःपुन्हा, किंचित वरच्या पट्टीत. मध्येच एक शब्द थेट सौ.सारखा उमटला. माझ्या हातून पेला निसटला. दारावर थाप मारून मी ओरडलो, “बंद कर ते! आईची नक्कल या घरात नको!”

सराव थांबला.

६ फेब्रुवारी

जेवताना एक शब्द नाही. विचारले तर मान हलते, इतकेच.

११ फेब्रुवारी

केंद्रावर नव्या निवेदकांना शिकवणे चालू आहे — श्वास कोठे घ्यावा, वाक्याचा शेवट कसा गिळू नये. एक उमेदवार घाबरून अडखळली. मी म्हणालो, “घाई नको, बाळ. आवाज बसायला वेळ लागतो.” घरी परतेपर्यंत हे वाक्य माझा पिच्छा सोडीना.

घरात मात्र चमच्यांचाच काय तो आवाज. सौ. असती तर एव्हाना दोघांनाही फैलावर घेतले असते.

१४ फेब्रुवारी

मेहुणी आली. आल्या आल्या सरबत्ती! “भाऊजी, पोरीच्या तोंडाला कुलूप कोणी लावलं? सगळ्या गावाला ऐकू जाता तुम्ही, आणि घरात ही शोकसभा!”

मीही चिडलो. “मलाच काय विचारतेस? ती माझा फोनसुद्धा उचलत नाही!”

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. कितीतरी दिवसांनी बोलली — अगदी हळू. “मी उचलला, तर आई बोलणार नाही ना, बाबा.”

मेहुणीने डोळ्यांना पदर लावला. म्हणजे मी फोन कशासाठी करतो, हे मुलीला ठाऊक होते! रोज दुपारी, घंटा वाजत असता, ती फोनशेजारी हात आवरून बसत होती. माझ्यासाठी.

मी चहा संपवला. मग म्हणालो, “सराव दार उघडं ठेवून कर. श्वास छातीतून घेतेस, तो पोटातून घे.” वाक्याचा शेवट मात्र मीच गिळला.

१५ फेब्रुवारी

फोन केला. आज पहिल्यांदाच धास्ती वाटली — यंत्र सुरू होते की काय!

चौथ्या घंटेला उचलला. “बाबा? काही हवं होतं का?”

“काही नाही,” मी म्हणालो. “तू बोल.”