घाटात उलटी नेलेली गाडी

प्रिय ऑट्टाविओदादा,

नेव्हिओची नजर गेली तेव्हा तू म्हणालास, "आता प्रवास विसरा. आणि ती दोन्ही कुत्री आधी कोणाला तरी देऊन टाक." मी मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले.

आम्ही दोघं आणि आमची कुत्री ब्रुना-झोल्फो पोर्तुगाल, स्पेन करत, ती दमतील तिथे मुक्काम करत, सावकाश घरी फेराराला परततोय. आज इटलीत शिरलो आणि लिगुरियाच्या घाटात, अगदी अरुंद रस्त्यावर, समोरून बस आली. एकीकडे कडा, दुसरीकडे खोल खाली समुद्र. ड्रायव्हर ओरडला, "बाई, नवऱ्याला बसवा की स्टिअरिंगवर!"

मांडीवरच्या ब्रुनाला कुरवाळत नेव्हिओ म्हणाला, "मला दिसत नाही हो. चालेल का?"

बसमध्ये हशा पिकला. मागचं रुंद वळण येईपर्यंत मी गाडी उलटी नेली. मागच्या काचेशी झोल्फो सारखा भुंकत होता. बस शेजारून जाताना ड्रायव्हरने टोपी काढली. "आजी, मानलं तुम्हाला!"

"आजी कोणाला म्हणतोस रे? बायको आहे माझी!" नेव्हिओ म्हणाला. त्याची छाती अशी फुगलेली मी लग्नातही पाहिली नव्हती.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुझ्या दारात गाडी लावीन, तेव्हा बाहेर येऊन बघ.

तुझी धाकटी,
एर्सिलिया